नवऱ्याला ऑनसाइट पाठवतायत, न्यू जर्सी की टोकियो? तिकडे तरी कामाचे तास माणसासारखे असतात का?

कल्याणची_सून

नमस्कार मंडळी, एरवी नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा विचारतेय. नवरा ऐरोलीला आयटीत आहे. शिफ्ट कागदावर दुपारी १२ ते रात्री ९, पण क्लायंट अमेरिकेतला, त्यामुळे घरी येऊन जेवतानाही एका कानात हेडफोन, आणि मग साडेअकराला "पाच मिनिटांचा कॉल आहे गं" म्हणून गॅलरीत जातो तो एक वाजता आत येतो. मध्यंतरी बीपी निघालं, गोळी सुरू झालीये, वय अजून चाळीस पण नाही. ओव्हरटाइमचा विषय काढला की नुसता हसतो.

आता कंपनी विचारतेय की न्यू जर्सीला एल-१ व्हिसावर (कंपनी आपल्याच माणसाला तिकडच्या ऑफिसात पाठवते तो) जातोस की टोकियोला जपानी क्लायंटकडे. सासूबाईंचं म्हणणं, फॉरेनला सगळं नियमाने चालतं, पाच वाजले की कुलूप. नवऱ्यालाही तेच वाटतंय की प्रगत देश म्हटल्यावर कायदे कडक असणार, असं कोणी राबवून घेणार नाही. पैशांचा हिशोब आम्ही केलाय, तो नकोय. मला एवढंच हवंय की तिथे कायद्याने हक्काचं काय मिळतं आणि रात्री फोन बंद होतो का. राहून आलेल्यांनीच सांगा प्लीज, यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून डोकं भंजाळलंय.

एडिसन_ते_ठाणे

ताई, मी न्यू जर्सीत राहून परत आलेला माणूस. पाच वाजता कुलूप लागतं हे खरंय, पण ते ऑफिसला. ऑनसाइट गेलेला आपला माणूस दोन घड्याळांवर जगतो. इथे सकाळचे ९ वाजतात तेव्हा तिथे हिवाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेअकरा झालेले असतात. दिवसभर क्लायंटसमोर बसायचं आणि रात्री ऐरोलीची टीम ऑफिसात आली की त्यांना काम समजावून द्यायचं. म्हणजे आत्ता तुमचा नवरा ज्या कॉलवर गॅलरीत जातो ना, तोच कॉल, फक्त तो आता दुसऱ्या टोकाला असेल.

आता कायद्याचं. अमेरिकेत पगारी वार्षिक रजा द्यायलाच हवी असा देशपातळीवर कायदाच नाहीये, शून्य दिवस दिली तरी चालते. ज्या काही सुट्ट्या मिळतात त्या कंपनीच्या मर्जीने. आठवड्याला ४० तासांच्या वर दीडपट पैसे हा नियम १९३८ च्या कायद्यातला आहे, पण त्याला एक भलं मोठं भगदाड आहे, त्याचं नाव एक्झेम्प्ट. ऑफिसात बसून डोक्याचं काम करणारे बरेचसे पगारदार, कॉम्प्युटरवाल्यांचा तर कायद्यात वेगळा उल्लेखच आहे, हे सगळे ओव्हरटाइमच्या बाहेर. त्यासाठी पगार किती असावा लागतो माहितीये? आठवड्याला ६८४ डॉलर. मधे २०२४ ला हा आकडा वाढवला होता, त्याच वर्षी टेक्सासच्या कोर्टाने तो उडवला, परत जैसे थे. एल-१ वर गेलेला जवळजवळ प्रत्येक जण या रेषेच्या वर असतो, त्यामुळे ४० तास करा की ७० करा, पगार तेवढाच.

दुसरं म्हणजे ॲट-विल. मोंटाना सोडलं तर सगळीकडे मूळ नियम हाच, की कारण न देता, नोटीस न देता काढता येतं. भेदभाव वगैरे केला असेल तर तुम्ही कोर्टात जा, पण सिद्ध तुम्ही करायचं. मी बघितलंय, सकाळी लॅपटॉप उघडला तर पासवर्ड चालेना, पर्सनल मेलवर पत्र, आणि डेस्कवरचे फॅमिली फोटो नंतर कुरियरने घरी. नोकरी गेली की इन्शुरन्सही गेला, तो पुढे चालू ठेवता येतो पण कंपनीचा हिस्सासुद्धा तुम्हीच भरायचा. न्यू जर्सी त्यातल्या त्यात बरं राज्य आहे, वर्षाला ४० तासांपर्यंत आजारपणाची पगारी रजा आहे आणि मोठ्या कंपनीने एकदम ५० किंवा जास्त लोक काढले तर २०२३ पासून ९० दिवसांची नोटीस, शिवाय नोकरीच्या दर वर्षामागे एक आठवड्याचा पगार. पण एकट्यादुकट्याला काढलं तर यातलं काही लागू नाही.

आणि एल-१ चं कोणी आधी सांगत नाही ते सांगतो. हा व्हिसा कंपनीचा असतो, माणसाचा नाही. एच-१बी (अमेरिकेचा दुसरा कामाचा व्हिसा) वाला निदान दुसरी कंपनी शोधून व्हिसा तिकडे नेऊ शकतो, एल-१ वाल्याला ते जमत नाही. नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस, त्यात दुसऱ्या कुठल्या तरी व्हिसाची सोय लावा नाहीतर सामान बांधा. पोरं शाळेत, घराचं लीज, गाडीचा हप्ता, आणि वरून मॅनेजर म्हणतो आज रात्री जरा थांबशील का. कोण नाही म्हणणार?

उभ्याने_प्रवास

बरं मग इथे काय दिवे लागलेत? कल्याणहून ठाणे, ठाण्याला गाडी बदलून ऐरोली, ते पण जिना चढताना मागचा माणूस तुम्हाला ढकलत नेतो, तुम्ही चालतच नाही. तिकडे रडायचं तर निदान एसीत गाडीत बसून रडता येईल. जा म्हणावं. 😄

लालबागचा_नातू

@उभ्याने_प्रवास तुमचं दुखणं मान्य, पण ताईंनी कायदा विचारलाय. मी परळला एका लेबर वकिलांकडे काम करतो म्हणून थोडं सांगतो.

कागदावर बघितलं तर आपला महाराष्ट्राचा २०१७ चा दुकानं-आस्थापना कायदा अमेरिकेपेक्षा उदार निघतो. २०२५ पर्यंत १० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी दिवसाला ९ तास होते, आठवड्याला ४८, त्यावर काम घेतलं तर दुप्पट दराने पैसे, ८ दिवस कॅज्युअल, ८ दिवस सणावाराच्या पगारी सुट्ट्या, शिवाय दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा. (हे पण पातळ होत चाललंय, सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ९ चे १० तास करायला मंजुरी दिली, ती बातमी गणपतीच्या गडबडीत कितीजणांनी वाचली देव जाणे.) बाळंतपणाची तर तुलनाच नको, इथे २६ आठवडे पगारी, तिथे देशपातळीवर १२ आठवडे आणि ते पण बिनपगारी, त्यातही कंपनी ५० माणसांची हवी आणि नोकरीला वर्ष झालेलं हवं.

मग ताईंचे मिस्टर ओव्हरटाइम म्हटल्यावर हसतात का? कारण आपल्याकडेही भगदाड आहेच. मॅनेजर-सुपरवायझर पदावरच्या माणसाला तासांचं संरक्षण नाही. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांच्या लेटरवर असिस्टंट मॅनेजर नाहीतर टीम लीड लिहिलेलं असतं, आणि हाताखाली कोण आहे विचारलं की म्हणतात कोणी नाही, मी आणि माझा एक्सेल. रजा मंजूर करता का, माणूस घेता का, काढता का, पगारवाढ ठरवता का? नाही, नाही, नाही आणि नाही. म्हणजे पद मॅनेजरचं, काम कारकुनाचं. असल्या केसमध्ये भांडता येतं, कारण कोर्ट हुद्दा नाही, काम बघतं, पण नोकरीत असताना कोणी भांडत नाही. भांडायला येतात ते काढल्यावर.

आणि प्रगत देश म्हणजे आपोआप हक्क हा जो समज आहे ना, तो आमच्या भागात कोणी ऐकून घेणार नाही. रविवारची सुट्टी मालकांनी खुशीने दिली नव्हती, नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ ला गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा १८९० च्या जूनमध्ये रविवार मिळाला. कोरियात आठवड्याला कमाल ५२ तास होते, सरकारने २०२३ च्या मार्चमध्ये ते ६९ पर्यंत न्यायचा प्रस्ताव आणला, तरुण नोकरदारांनी असा कल्ला केला की काही दिवसांत तो गुंडाळावा लागला. अमेरिकेत युनियनमध्ये आता दहातला जेमतेम एक, मग पगारी रजेचा कायदा आणणार कोण, आणि कोणाला घाबरून?

टोकियोत_मिसळ_मिळेना

जपानबद्दल मी लिहितो, सध्या सुट्टीवर दादरला आलोय.

ताई, टोकियो अमेरिकेपेक्षा दोन बाबतीत बरं आणि एका बाबतीत वाईट. बरं काय, तर एक म्हणजे काढून टाकणं खरंच अवघड आहे, सबळ कारण नसेल तर कोर्ट ती बडतर्फी रद्द ठरवतं. दुसरं, सहा महिने झाले की १० दिवस पगारी रजा कायद्याने, आणि २०१९ पासून त्यातले किमान ५ दिवस तुम्हाला घ्यायला लावणं ही कंपनीची जबाबदारी आहे. लोक स्वतःहून घेतच नव्हते म्हणून असा कायदा करावा लागला, यावरून काय ते समजा. रात्रीच्या फोनचं म्हणाल तर घड्याळ तिथे तुमच्या बाजूने आहे, टोकियो आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, इथली सकाळ म्हणजे तिथली दुपार.

वाईट काय, तर फोन घरी येत नाही कारण माणूसच घरी येत नाही. ओव्हरटाइमला महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तासांची मर्यादा आहे, पण कंपनी आणि कामगार प्रतिनिधी यांच्यात खास करार असला की वर्षाला ७२०, आणि एखाद्या महिन्यात १०० ला टेकेपर्यंत. आता गंमत बघा, कोणी ऑफिसच्या कामाने हार्ट किंवा ब्रेन स्ट्रोकने गेला तर सरकार जे निकष लावतं त्यात आदल्या महिन्यात साधारण १०० तास किंवा काही महिने सरासरी ८० तास ओव्हरटाइम हे मुख्य. म्हणजे कायदा जिथे थांबवतो आणि जिथे माणूस मेला तर कामाने मेला असं धरतात, त्या दोन रेषा जवळजवळ एकच. करोशी, म्हणजे कामाच्या अतिरेकाने मरण, हा शब्द तुम्ही ऐकला असेलच.

ऑफर लेटर आलं की एक ओळ शोधा, पगारात ठरावीक ओव्हरटाइम धरलाय का. तिकडे त्याला मिनाशी झांग्यो म्हणतात. आकडा मस्त मोठा दिसतो आणि खाली बारीक अक्षरात असतं की यात महिन्याचे ४५ तास जास्तीचे धरलेले आहेत. त्याच्यावरचे तास झाले तर वेगळे पैसे द्यायलाच लागतात, पण तास लिहायचे कोणी? आमच्याकडे साडेसहाला कार्ड पंच करून परत जागेवर बसायची पद्धत होती, साहेब उठत नाही तोवर कोणी उठत नाही, आणि मग शेवटच्या गाडीला सगळे एकदम पळतात.

वर नातू म्हणाले ती हुद्द्याची ट्रिक जपानमध्ये पण आहे बरं का. २००८ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने मॅकडोनाल्ड्सच्या एका स्टोअर मॅनेजरला ओव्हरटाइमचे पैसे द्यायला लावले, की हा नावाचाच मॅनेजर आहे. पण तिथे एक सोय भारी आहे, कामगार निरीक्षण कार्यालय, लोक रोकिशो म्हणतात. परदेशी माणसाला पण सगळे नियम लागू, इंग्रजीत सल्ला मिळतो, आणि तिथल्या इन्स्पेक्टरला नुसतं पत्र लिहायचा नाही, तपास करायचा अधिकार असतो. माझ्या ओळखीतल्या एकाने स्वतःच्या वहीत रोज येण्या-जाण्याची वेळ लिहून ठेवली होती, शेवटच्या मेलच्या स्क्रीनशॉटसकट, ती दाखवल्यावर त्याला मागचे पैसे मिळाले.

मुलुंडचा_डॉक्टर

बीपीची गोळी वाचून लिहितोय. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र अभ्यास छापला होता, आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा स्ट्रोकचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने जाण्याचा १७ टक्के जास्त. ताई, देश कुठलाही निवडा, जायच्या आधी नीट तपासणी करून घ्या आणि तिथे कोणती गोळी मिळते तेही विचारून ठेवा. माझा पेशा पण काही शहाणा नाही म्हणा, जपानने २०२४ पासून डॉक्टरांच्या ओव्हरटाइमला मर्यादा घातली, त्यातही काहींना वर्षाला १८६० तासांची मुभा. जास्तीचे १८६०!

कल्याणची_सून

बापरे, सगळ्यांचे खूप आभार. रात्री नवऱ्याला पूर्ण धागा वाचायला दिला. त्याने पहिल्यांदा स्वतःचं लेटर काढून बघितलं, डेप्युटी मॅनेजर लिहिलंय आणि हाताखाली एक ट्रेनी मुलगा, तो पण दुसऱ्या टीमबरोबर वाटून घेतलेला. 🤦‍♀️ सासूबाई म्हणाल्या मग युरोपला का नाही पाठवत. आता तो एचआरला तीन गोष्टी लेखी विचारणार आहे, रात्रीच्या हँडओव्हर कॉलला कोण बसणार, टोकियोच्या पगारात ओव्हरटाइम धरलाय का आणि किती तास, आणि प्रोजेक्ट मध्येच बंद पडला तर परत आणायचा खर्च कोणाचा.

एक राहिलंच, न्यू जर्सी ठरलं तर मला तिथे नोकरी करता येईल का? मी इथे अकाउंट्समध्ये आहे.

एडिसन_ते_ठाणे

सासूबाईंचा प्रश्न बरोबर आहे, युरोपियन युनियनमध्ये वर्षाला किमान ४ आठवडे पगारी रजा आणि दोन कामांच्या दिवसांमध्ये सलग ११ तास विश्रांती हे कायद्यातच आहे. विचारून बघा, नाही म्हणतील पण विचारा.

तुमचं काम करण्याचं: हो, एल-१ वाल्याच्या बायकोला करता येतं. २०२१ च्या शेवटापासून त्यासाठी वेगळं परमिट कार्ड लागत नाही, आधी त्याच्यासाठी कित्येक महिने घरी बसायला लागायचं. फक्त उतरल्यावर आय-९४ (अमेरिकेत शिरल्याची सरकारी नोंद) ऑनलाइन काढून त्यावर नुसतं एल-२ (एल-१ वाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) नाही तर एल-२एस आलंय ना ते बघा, आणि नसेल तर लगेच दुरुस्त करून घ्या, कारण नोकरी देणारा तोच कागद मागतो.