आईचा फोटो टाइम्स स्क्वेअरवर लावावा का?

मंगळवार तळ्याकाठची (सातारा)

हौसेनं केलेली गोष्ट कुणाच्या आड येत नसेल तर तिला उधळपट्टी म्हणायचं का? यावरून आमच्या घरात सरळ दोन तट पडलेत, म्हणून इथं विचारतेय.

आईचं सहस्रचंद्रदर्शन कोजागिरीनंतरच्या रविवारी आहे. अमेरिकेतल्या भाच्यानं धरलंय की त्या दिवशी आजीचा फोटो न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये झळकवायचा. तिथं ब्रॉडवेवर टीएसएक्स नावाच्या इमारतीवर सुमारे १८ हजार चौरस फुटांचा पडदा आहे. ॲपवरून फोटो पाठवायचा, पैसे भरायचे, ठरल्या वेळी तो १५ सेकंद दिसतो. ही सोय सुरू झाली तेव्हा दर ४० डॉलर होता. खर्च भाचा करणार आहे. माझ्या थोरल्या भावाला मात्र हे अजिबात पसंत नाही. ‘बाईंना हे शोभत नाही,’ एवढंच म्हणतो आणि विषय बंद करतो.

माझं म्हणणं, लावावा. आई जावळी तालुक्यात प्राथमिक शाळांवर शिक्षिका होती. पावसाळ्यात एसटी मेढ्याच्या पुढं जाईल याचा भरवसा नसायचा, तेव्हा ओढे ओलांडून चालत शाळा गाठायची. आज पोवई नाक्यावरून राजवाड्यापर्यंत चालत जा. चेहरे कुणाचे दिसतात? आजी, माजी, भावी. त्यांच्या खाली शुभेच्छुकांची रांग. लिहायला-वाचायला शिकवणाऱ्या बाईचा चेहरा या शहरात कधी मोठा होऊन लागला नाही, आणि तिनं तशी अपेक्षाही धरली नाही. मग लेकरांनी एकदा मनापासून तो लावायचा म्हटलं तर त्यात शोभत नाही असं काय आहे? पैसे भरून, रीतसर, १५ सेकंद. खांब पुरायचा नाही, झाडाला खिळा ठोकायचा नाही, कुणाचा रस्ता अडवायचा नाही. विरोध असेल तर जरूर करा, पण कारण सांगा.

शाहूपुरीकर

ताई, बाईंना नमस्कार सांगून विरोध करतो. पैशाचा मुद्दा माझ्या दृष्टीनं गौण आहे.

मान ओळखीच्या माणसांनी द्यायचा असतो. बाईंना ओळखणारी माणसं मेढ्यात, केळघरला, कुडाळला आहेत. न्यूयॉर्कच्या चौकात उभा असलेला माणूस त्यांच्याकडे बघेल आणि पुढच्या सेकंदाला तिथं शीतपेयाची जाहिरात बघेल. त्याच्या लेखी दोन्ही सारखंच. आपण ज्याला मान म्हणतोय ती विकत घेतलेली वेळ आहे, आणि ती कुणालाही विकत मिळते. कुणालाही मिळते त्यात बाईंचं वेगळेपण कुठं राहिलं? त्याच पैशात त्यांच्या शेवटच्या शाळेला पुस्तकांचं कपाट द्या. वर नाव घाला. ते कपाट उघडणारं प्रत्येक पोर नाव वाचेल.

मंगळवार तळ्याकाठची

दादा, पुस्तकांचे पैसे आम्ही वेगळे काढलेत. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध का उभ्या करायच्या? लग्नात मांडव घालताना कुणी म्हणत नाही की त्याऐवजी शाळेला बाक द्या. एका म्हाताऱ्या बाईच्या कौतुकाचा विषय निघाला की मात्र लगेच समाजकार्य आठवतं.

आणि ‘कुणालाही मिळते’ हे तर मला त्यातलं सगळ्यात चांगलं वाटतं. तिथं ओळख लागत नाही, पद लागत नाही. आपल्या चौकात साधा माणूस मोठ्या फलकावर कधी येतो? गेल्यावर. भावपूर्ण श्रद्धांजली म्हणून.

न्यूजर्सीतला वाईकर

मी बाजूनं आहे. इथल्या काही मित्रांनी आई-वडिलांसाठी हे केलंय, म्हणून आधी कामाचं सांगतो.

पडद्याच्या अगदी खाली उभं राहून काही दिसत नाही. समोर नाटकांची तिकिटं मिळतात त्या खिडक्यांच्या वर लाल पायऱ्या आहेत, तिथं वरच्या पायरीवर उभं राहायचं. भाच्याला सांगा, एकानं फक्त मोबाईल धरायचा आणि दुसऱ्यानं नुसतं डोळ्यांनी बघायचं. १५ सेकंदांत दोन्ही जमत नाही. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो वापरू नका, चेहरा फुटतो. मूळ फोटो स्कॅन करून घ्या. वेळेचं गणित असं: नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं मागं जातात, तोवर न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं असतं. इथं सकाळी साडेनऊची वेळ घेतलीत तर साताऱ्यात संध्याकाळचे सात वाजलेले असतील. चौकातल्या थेट कॅमेऱ्यांचं चित्रण इंटरनेटवर दिसतं, पण आपलाच पडदा चौकटीत येईल याची खात्री नसते. भाच्यानं तिथून व्हिडिओ कॉल करणं बरं.

आता वादाचं. फलकांनी शहर विद्रूप होतं असं कुणी म्हणेल, तर तो आक्षेप इथं लागू पडत नाही. टाइम्स स्क्वेअरच्या नव्या इमारतींवर दिव्यांचे फलक असलेच पाहिजेत, असा न्यूयॉर्कच्या नगररचनेचा नियमच १९८७ मध्ये झाला. पडदे आधीच आहेत आणि चालूच राहणार. त्यात १५ सेकंद एका शिक्षिकेचा चेहरा आला तर जाहिरातींची १५ सेकंदं कमी झाली, इतकंच.

वकीलबाई, सांगली

वाईकरदादा, तो नियम त्या चौकापुरता आहे. सवय मात्र विमानात बसून इकडे येते. माझी हरकत तिथल्या फोटोपेक्षा ताईंच्या मांडणीला आहे. ‘पैसे भरले, परवानगी घेतली, मग कुणाला काय त्रास’ हे वाक्य फलक लावणारा प्रत्येक जण म्हणतो.

१३ मे २०२४ ला घाटकोपरला वादळात होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं आणि १७ माणसं गेली. मुंबई महापालिकेची कमाल मर्यादा ४० बाय ४० फूट, ते होतं १२० बाय १२०. जागा रेल्वे पोलिसांची, परवानगीही त्यांची, महापालिकेची नव्हतीच. म्हणजे कागद होता. त्याआधी २०२३ च्या एप्रिलमध्ये पिंपरी-चिंचवडच्या किवळ्यात होर्डिंग पडून पाच जण गेले. ती माणसं फक्त पावसाला आडोसा घ्यायला थांबली होती.

आणि सातारकरांना तर हे सांगावं लागू नये. बेकायदा फलकांवर मुंबई उच्च न्यायालयात जी जनहित याचिका गाजली ती साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनची. जानेवारी २०१७ मध्ये न्या. अभय ओक यांच्या खंडपीठानं निकाल दिला. पालिकांनी तक्रारीसाठी टोल फ्री क्रमांक ठेवावा, फलक काढावेत, गुन्हे नोंदवावेत, असं त्यात स्पष्ट आहे. मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा तर १९९५ पासून आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एवढं असूनही चौक भरलेलेच, कारण प्रत्येकाला आपला फलक हा अपवाद वाटतो. आपल्या माणसाचं प्रेम चौकात मांडायची ओढ समजते. पण चौक सगळ्यांचा असतो आणि तिथं डोळे मिटून चालता येत नाही.

छपाईवाला (कोरेगाव रोड)

माझा धंदाच फ्लेक्सचा, त्यामुळं मी बाजूनं बोलणार हे सगळ्यांनी धरलंच असेल. तरी बोलतो.

पुढाऱ्याच्या वाढदिवसाची ऑर्डर रात्री नऊला येते. बाराला केक कापायचा असतो, म्हणून अकराच्या आत फलक वर गेला पाहिजे. फोटो तोच, फाईल तीच, खालची गोल डोकी फक्त बदलायची. त्या कामात मन लागत नाही. पण महिन्यातून एखादा माणूस असा येतो की हातातलं काम बाजूला ठेवतो. ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर काम करणारा एक बाप आला होता. पोरगी पोलीस भरतीत निवडली गेली होती. पिशवीत तिचा शाळेच्या ओळखपत्राचा फोटो, स्टॅम्पाएवढा. म्हणाला, तीन बाय दोनचाच करा, जास्त नको, आमच्या आळीच्या तोंडाशी लावायचाय. खाली शुभेच्छुक कोण घालू विचारलं. तर म्हणाला, ‘कुणी नको. नुसतं तिचं नाव, आणि आईचं.’ आई वारली होती. साध्या फ्लेक्सचा दर चौरस फुटाला दहा-पंधरा रुपये. शंभराच्या आतलं काम. त्या फलकानं कुठला चौक अडला, वकीलबाई?

आमच्याकडच्या गावात पोरगं सैन्यात गेलं, पोरगी फौजदार झाली, तर ती बातमी पेपरात कोपऱ्यात येते, नाही तर येतच नाही. गरिबाकडं दाखवायला जागा नसते. ताईंच्या आईचा फोटो न्यूयॉर्कला लागतोय तर लागू द्या. मी तर म्हणतो, लागताना इथं पडदा बांधून सगळ्या गल्लीला दाखवा.

कृष्णाकाठ (सांगली)

छपाईवाले दादा, तीन बाय दोनच्या फलकाला माझा विरोध नाही, त्या बापाला तर नाहीच. पण तुमच्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या चौरस फुटांत तसे फलक किती आणि दहा बाय वीसचे किती, हे तुम्हीच जाणता.

शिवाय उतरवलेला फ्लेक्स जातो कुठं? पॉलिस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा थर, कुजत नाही. गळिताच्या हंगामात ऊसतोडीच्या कोप्या बघा. छपरावर, कुडाला, अंथरायला, सगळीकडं जुने फलक. आमच्या शेताच्या कडेला एका कोपीत पाळण्यावर ऊन येऊ नये म्हणून बांधलेल्या फ्लेक्सवर ‘विकासपुरुष’ एवढंच उरलं होतं, बाकी फाटलेलं. आत तापतं इतकं की दुपारी लेकरं बाहेर उसाच्या सावलीला असतात. आणि थंडीत तोच तुकडा शेकोटीत गेला की हायड्रोजन क्लोराइडचा धूर त्यांच्याच छातीत. चौकात एका दिवसाचं कौतुक, पुढं त्याचं ओझं कुणाच्या डोक्यावर, हे चौकातल्या माणसाला दिसत नाही.

शहर याशिवाय राहू शकतं. ब्राझीलमधल्या साओ पाउलोनं २००६ मध्ये कायदा करून २००७ पासून जाहिरात फलक उतरवले, हजारोंनी. कुणाचे वाढदिवस थांबले नाहीत.

धागाकर्त्या ताईंना एकच विचारायचंय. तुम्ही बोलताय, भाऊ बोलतोय, भाचा बोलतोय. बाईंना विचारलंत?

मंगळवार तळ्याकाठची

विचारलं. पहिल्यांदा म्हणाली, ‘तिथं आपलं कोण बघणार?’ (शाहूपुरीकर, तुमचाच मुद्दा.) भाच्यानं सांगितलं, मी बघणार आणि तुला दाखवणार. मग बराच वेळ काही बोलली नाही. संध्याकाळी स्वतःच ट्रंकेतला फोटो काढून आणला. शाळेच्या पायरीवरचा, कृष्णधवल, ती मधे आणि भोवती पोरं, पुढच्या रांगेतली मांडी घालून बसलेली. एकट्या बाईचा कापून घेऊ म्हटलं तर चिडली. ‘पोरं नसतील तर मी कशाला?’ म्हणाली.

म्हणजे ठरलं तर हाच फोटो जाईल. त्यातल्या काहींचा पत्ता लागलाय. दोघं वाशीच्या बाजारात माथाडी होते, आता गावी परत आलेत. एक मुलगी पुढं अंगणवाडी सेविका झाली. त्यांना विचारलं तर नको कुणीच म्हटलं नाही.

वकीलबाई, सांगली

ज्यांचा पत्ता लागला नाही त्यांचं काय? तुमच्या आईची संमती आहे, ठीक. पण त्या पायरीवर बसलेल्या पोरांना तेव्हा कुणी विचारलं नव्हतं आणि आज ती पन्नाशी-साठीची माणसं आहेत. कुणाला आपलं लहानपणचं फाटक्या सदऱ्यातलं रूप जगाच्या चौकात नको असेल. पडदा १५ सेकंदांचा असला तरी त्याचं चित्रण फिरणारच, त्यासाठीच तर हे चाललंय. सगळ्यांचा होकार येईपर्यंत तो फोटो पाठवू नये, असं माझं ठाम मत आहे.

छपाईवाला (कोरेगाव रोड)

बाई, गरिबीची लाज आपण त्यांच्यावर का लादायची? त्या फोटोत ती शाळेत बसलेली आहेत. त्या काळात जावळीच्या खोऱ्यात शाळेत बसणं हीच केवढी गोष्ट. मी असतो तर पोराबाळांना बोलावून दाखवलं असतं.

वकीलबाई, सांगली

तुम्ही दाखवलं असतंत. त्यांच्या वतीनं तुम्ही ठरवू शकत नाही, मीही नाही. म्हणूनच विचारायचं.

न्यूजर्सीतला वाईकर

कायद्याचं बाजूला ठेवून एक अडचण सांगतो. फोटो तिथं तपासून मगच लावतात. भाच्यानं आयत्या वेळी न पाठवता आधीच पाठवून मंजूर करून घ्यावा. तोवर होकार जमा करायला वेळही मिळेल. आणि चेहरे पुसट करून वगैरे काही पाठवू नका, बाईंना ते नक्की आवडणार नाही.

शाहूपुरीकर

माझा विरोध कायम आहे. त्या पायरीवरची पोरं हयात असताना बाईंचा मान न्यूयॉर्कला का शोधायचा, हे मला अजूनही पटत नाही. रविवारच्या कार्यक्रमाला त्यांना बोलवा, पुढच्या रांगेत बसवा आणि बाईंच्या हातानं त्यांची हजेरी घ्या. पडदा नंतर हवा तर लावा.

पण सापडायला हवीत. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये प्रत्येक मुलाचं पूर्ण नाव, जन्मगाव, शाळा सोडल्याची तारीख असते. मुख्याध्यापकांना साधा अर्ज करा, बाईंचं नाव घातलंत तर नाही म्हणणार नाहीत. केळघर भागात माझे पाहुणे आहेत. फोटो कुठल्या शाळेचा आणि साधारण कुठल्या सालातला तेवढं कळवा.