उपासनेतली गाणी : पेटी-तबला की कीबोर्ड?

पेटीवाली
सलाम. नगर जिल्ह्यातल्या आमच्या चर्चच्या मंडळीत मी अठरा वर्षं उपासनेला पेटी वाजवते. गेल्या नाताळापासून तरुण संघाने कीबोर्ड, ड्रम आणि पडद्यावर शब्द सुरू केलेत. मुलं मनापासून गातात, ते मला दिसतं. पण पुढच्या बाकावरच्या आजी ‘उपासना संगीत’ हे आपलं गीतांचं पुस्तक मांडीवर मिटून बसतात. परवा एकीने विचारलं, “आपली गाणी गेली का गं?” मला बोलवेना. पाळक म्हणतात, काळ बदलला. नुसत्या काळाने गाण्याची तऱ्हा बदलते का?

अभंगवेडा
ताई, देवाशी कसं बोलावं याची समजूत बदलली की गाणं बदलतं. अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट मिशनरी संस्थेने १८३१ मध्ये नगरला ठाणं केलं. त्यांनी आपली स्तोत्रं मराठीत आणली आणि चाली तिकडच्याच ठेवल्या. त्या चालींत ठोका ठरलेल्या जागी पडतो. तिथे ऱ्हस्व अक्षर आलं की ओढावं लागतं. ‘कृपा’मधला ‘कृ’ लांबवून म्हणून बघा, शब्द ओळखू येत नाही.

मग कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते म्हणत. ती वारकरी भक्ती त्यांच्याबरोबर चर्चमध्ये आली आणि अभंगही आला. सहा-सहा-सहा-चार अक्षरं, एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी उचलायचं. जिला वाचता येत नाही तिलाही दुसऱ्या फेरीला येतं. माझी आजी अंगठेबहाद्दर होती, पण टिळकांची भजनं तिला अख्खी पाठ. भाकरी थापताना म्हणायची, आणि हाताची थाप तालावर पडायची.

वसईचा_वारा
आमच्याकडे कॅथलिकांत हा बदल वरून आला. मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, लॅटिनमध्ये असायची. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३च्या उपासनाविषयक दस्तऐवजात लोकभाषेला वाट दिली आणि मिशनच्या प्रदेशांत तिथल्या लोकांच्या संगीताला मान द्यावा असंही सांगितलं. माझ्या आजोबांना लॅटिन प्रतिसाद तोंडपाठ होते, अर्थ ठाऊक नव्हता. पहिल्यांदा मराठीत गायले तेव्हा त्यांना रडू आलं, असं बाबा सांगतात.

कीबोर्ड_२४
मी दुसऱ्या बाजूचा, म्हणून लिहितो. आम्हाला जुनं मोडायचं नाहीये. पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल वळणाच्या उपासनेत प्रत्येकाने स्वतः, मोठ्याने, त्या क्षणी देवाशी बोलायचं असतं. हे परदेशातूनच आलं असंही नाही. १९०५ मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, झालं, तेव्हा मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत होत्या. हात वर करायचे तर पुस्तक धरता येत नाही. म्हणून शब्द थोडे, ओळ पुन्हा पुन्हा.

अभंगवेडा
दादा, हे पटलं. ओळ पुन्हा पुन्हा घेणं भजनातही आहेच. फरक मला एकाच जागी वाटतो. भजनात पुढचा थांबतो आणि मंडळीचा आवाज वर येतो. स्पीकर मोठा असला की शेजारच्या बाईचा आवाजसुद्धा ऐकू येत नाही. मंडळीला स्वतःचा आवाज ऐकू आला पाहिजे, मग वाद्य कुठलंही असो. ताई, एक विचारतो : मुलं गाणी कुठल्या पट्टीत धरतात?

पेटीवाली
काळी चार. म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून.

अभंगवेडा
मग आजींनी पुस्तक मिटलं त्यात नवल नाही. त्या वयात वरचा षड्ज, म्हणजे वरचा सा, तिथे लागत नाही, आणि बाप्यांचाही आवाज फाटतो. काळी एकात धरा. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असतं.

कीबोर्ड_२४
हे कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही मूळ रेकॉर्डिंगची पट्टी तशीच धरतो.

पेटीवाली
शनिवारी सरावाला मुलांना सांगते. शेवटचं कडवं ड्रम आणि माइक बंद ठेवून घेऊ. टिळकांचं एक भजनही ठेवते, पेटीवर मी आणि कीबोर्डवर त्यांच्यातला एक. तबल्याची शाई उडालीय, तो उद्याच दुरुस्तीला टाकते.