बाराही महिने चालेल असा एमटीबी (माउंटन बाइक) टायर कोणता?

ठाणेकर२९: मंडळी, माझी २९ इंची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) आहे, रोज घोडबंदर रोडचं डांबर आणि रविवारी येऊरचं जंगल, पावसाळ्यात तिकडे लाल चिखल नॉबमध्ये (टायरवरच्या उंचवट्यांमध्ये) असा गच्च बसतो की टायर पार गुळगुळीत होतो, परवा वळणावर पुढचं चाक सटकलं आणि कोपर सोलवटलं. दर सीझनला टायर बदलणं परवडत नाही, एकच जोडी सुचवा ना.

खारघर_चढ: पुढे-मागे सारखाच टायर कशाला? पुढे मोकळ्या, उंच नॉबचा २.३५ इंच रुंद टायर टाक, चिखल फिरता फिरता झटकला जातो. मागे २.२, मधले नॉब जवळजवळ असलेला, म्हणजे डांबरावर दम निघत नाही. मी पुढे मॅक्सिस कंपनीचा फोरकास्टर, मागे त्यांचाच आयकॉन वापरतो. आधी फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांमध्ये) जागा बघ, चिखलासाठी दोन्हीकडे ५-६ मिमी तरी हवी.

येऊरप्रेमी: हवा किती भरतोस? ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असेल तर कुठलाही टायर ओल्या दगडावर घसरणारच. ३० च्या आसपास येऊन बघ, पण ट्यूब असेल तर फार खाली नको, रिम दगडावर आपटून शेजारीशेजारी दोन भोकं पडतात.

ठाणेकर२९: अरे बापरे, मी ५५ भरत होतो! आजच कमी करतो.