मदत हवी: सेन्सर ताज्या रोहूलाही 'नासला' म्हणतो!

नमस्कार मंडळी. भंडारा जिल्ह्यातलं गाव आमचं. मामा (माजी मालगुजारी) तलावातले रोहू-कतला घेऊन बाबा आठवडी बाजारात बसतात. उन्हाळ्यात बर्फ पुरत नाही, दुपारनंतर माल चांगला की नाही यावरून गिऱ्हाइकाशी वाद ठरलेला. म्हणून आर्डुइनोला (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) एमक्यू-१३५ हा वायू ओळखणारा सेन्सर जोडून 'इलेक्ट्रॉनिक नाक' करून राहिलो.

अडचण अशी, थर्माकोलच्या पेटीत सेन्सर ठेवला की ताज्या माशावरही आकडा चढत जातो. शेजारी कुणी बिडी पेटवली तरी मासा नासला! लाईन जाऊन आली की कालचा आकडा आज जुळत नाही.

दुसरं, नेटवर जिथंतिथं ट्रायमिथाइल अमीन (नासक्या मासळीचा वास देणारा वायू) मोजा म्हणतात. पण ते बनतं समुद्री मासळीतल्या ट्रायमिथाइल अमीन ऑक्साइडपासून, गोड्या पाण्यातल्या माशात ते नावालाच. मग रोहूत काय पकडू? अमोनिया?

माय हसते. ती कल्ला उचलून लाली पाहते, बोटानं दाबते, झालं. पण कापलेल्या तुकड्याला कल्ला कुठून आणू? सांगा न भाऊ कोणी.

उत्तर:
पेटीत नाक खुपसू नको भाऊ. या सेन्सरात टिन ऑक्साइडचा तापलेला थर असतो, नुसत्या ओलीनंही त्याचा विजेचा रोध घसरतो आन् आकडा चढतो. वर गारठ्यात माशाचा वास कमी सुटतो, म्हणजे दोन्हीकडून फसगत. ठरलेल्या वजनाचा तुकडा स्टीलच्या झाकणाच्या डब्यात १० मिनिटं ठेव, मग आकडा घे. सोबत ओल आन् तापमान मोजणारा डीएचटी-२२ लाव. रोज सकाळी मोकळ्या हवेतला रोध मोज आन् माशावरच्या रोधाला त्यानं भाग. नवा सेन्सर आधी २४ तासांहून जास्त तापव.

अमोनिया बरोबर, पण एकट्यानं भागत नाही. १९८२ मध्ये पर्सॉड आणि डॉड या संशोधकांनी असं नाक बनवलं तेव्हाही अनेक सेन्सरांचा मिळून ठसा पाहिला होता. अमोनियाला एमक्यू-१३७, हायड्रोजन सल्फाइडला एमक्यू-१३६ जोड. आणि मायला बाजूला बसव. ती 'ताजा', 'आजच खपव', 'फेक' म्हणेल ते प्रत्येक आकड्यासमोर लिही. त्याशिवाय तुझं नाक शिकणार कोणाकडून?

धागाकर्ता:
वही घेतली. माय म्हणते, रोजी लागेल. एक सांगा, तिन्ही सेन्सर प्रत्येकी १५० मिलिअँपिअरच्या आसपास खातात, १०,००० एमएएचच्या पॉवर बँकवर बाजार निभेल ना?