शेवग्याच्या बियांनी पाण्यातलं शिसं काढणं – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या बोअरच्या पाण्याच्या तपासणीत शिसं मर्यादेच्या वर आलं आहे (भारतीय मानकानुसार लिटरला 0.01 मिलिग्रॅम). पिण्यासाठी टँकर मागवतो, पण भाजीच्या वाफ्यांना तेच पाणी जातं. पोराबाळांच्या पोटात जाणारी भाजी आहे, म्हणून जीव अडकलाय.

शेवग्याच्या बियांची पूड गढूळ पाणी निवळते आणि शिसंही धरून ठेवते, म्हणून सुरुवात तिथून केली. झाडावर वाळलेल्या शेंगांचे दाणे सोलून मिक्सरला वाटले, पाण्यात ढवळून निवळू दिलं, फडक्यातून गाळलं. पाणी दिसायला स्वच्छ, पण दुसऱ्या दिवशी वास मारतं. बियांतली प्रथिनं पाण्यात उतरत असावीत. आणि शिसं डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा नितळपणावर विसंबणार नाही. पुन्हा तपासून घेणारच.

पुडीतलं तेल आधी काढल्यास वास कमी होतो का? पाणी आम्लधर्मी असेल तर शिसं कमी चिकटतं, मग सामू किती ठेवावा? की नारळाच्या करवंटीचा कोळसा बरा?

सर्वांत मोठी काळजी वापरलेल्या पुडीची. त्यात शिसं साठलेलं, म्हणजे खतात टाकायची सोय नाही, जाळायचीही नाही. तिची विल्हेवाट कशी लावता? प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया सांगा.