नवा राउटर घ्यायच्या आधी लाल दिवा बघा

भाऊ, दुपारी नेट सारखं तुटतं म्हणून थेट नवा राउटर घ्यायला निघालात, जरा थांबा. तुटलं की आधी फायबर नेटच्या बॉक्सवरचा एलओएसचा (म्हणजे सिग्नल तुटल्याचा) दिवा बघा, लाल असेल तर लोच्या फायबरचा आहे, मग कितीही भारी राउटर आणा काही फरक पडणार नाही. लाईनमनला पॉवर मीटर (फायबरमधला सिग्नल किती जोरात येतो ते मोजायचं यंत्र) लावायला सांगा, रीडिंग उणे २७ डीबीएमच्या (सिग्नल मोजायचं माप) खाली, म्हणजे उणे २८, उणे ३० असं गेलं असेल तर जॉइंट नाहीतर कनेक्टर नवीन करून घ्या, कंपनीवाले नुसतं रिस्टार्ट करा म्हणाले की फोन ठेवू नका. आमच्याकडे भुसावळला खिडकीच्या चौकटीत वायर चेपली होती, खिडकी लावली की नेट गुल. लाल दिवा नसेल तर लॅपटॉपला लॅन केबल लावून बघा, त्यावर नीट चाललं तर दुखणं वायफायचं. आणि बॉक्स पत्र्याखाली असेल तर आधी तिथून हलवाच, मे महिन्यात आपल्याकडे ४५ डिग्री होतं.