मदत हवी आहे: जर्मनीतल्या पोलोसाठी हिवाळी टायर, रिमसकट घ्यावेत की नुसते?

नमस्कार मंडळी. इथे जर्मनी-ऑस्ट्रियात राहणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारतोय. प्रश्न गाडीचा आहे, पण गाडी पुण्यात नाही.

मुलगी उल्मला नोकरी करते. ऑगस्टमध्ये तिने सेकंडहँड पोलो घेतली, २०१५ ची, १.२ टीएसआय पेट्रोल. माझ्याकडे कोथरूडला चाकणची पोलो आहे, २०१४ ची, त्यामुळे आमच्याकडे "पोलोचं बाबाला विचार" असा रिवाज. क्लच दाबताना येणारा आवाज, बॅटरी, वायपर, सगळं आजवर मी फोनवरून निभावलं. परवा तिने विचारलं, "बाबा, विंटर टायर कुठले घेऊ?" आणि मी पाणी प्यायला उठलो.

आपल्याकडे टायरचे दोनच ऋतू, नवे आणि घासलेले. जानेवारीत पाषाणला पहाटे आठ-नऊ अंश झाले की आपण स्वेटर काढतो, टायरकडे कोण बघतं? त्यामुळे गेले चार दिवस वाचतोय. समजलं ते आधी लिहितो, चुकलं असेल तर कान पकडा.

साधारण ७ अंशांच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक व्हायला लागतं, मग रस्ता कोरडा असला तरी पकड कमी होते. म्हणजे हे टायर फक्त बर्फासाठी नसतात, हे मला नवीन होतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात, त्या बर्फ धरतात. उलट हेच टायर मे-जूनमध्ये चालवले तर भराभर झिजतात. तिकडे 'ओ ते ओ' म्हणतात, ऑक्टोबर ते ऑस्टर्न, म्हणजे ईस्टर. पण कायद्यात तारीख नाहीच. रस्त्यावर बर्फ, बर्फाचा चिखल किंवा गोठलेलं दव असेल तर हिवाळी टायर हवेत, नाहीतर ६० युरो दंड आणि लायसन्सवर एक पॉइंट. तारखेऐवजी रस्ता बघून कायदा! आपल्याकडे यावर चौकाचौकात केवढी हुज्जत झाली असती.

आता तिची अडचण. गाडीला सध्या २१५/४५ आर१६ चे (रुंदी २१५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ४५ टक्के, रिम १६ इंची) उन्हाळी टायर आहेत, अलॉय रिमवर. विकणाऱ्याने हिवाळी सेट दिला नाही. पर्याय असे दिसतात.

एक, याच अलॉयवर दर ऑक्टोबरला हिवाळी टायर चढवायचे आणि एप्रिलला उतरवायचे. स्वस्त वाटतं, पण वर्षातून दोनदा टायर रिमवरून काढायचे, बॅलन्सिंग करायचं, आणि तिकडची मजुरी ऐकून मी फोन दुसऱ्या कानाला लावला. शिवाय रस्त्यावर मीठ टाकतात, ते अलॉयला खातं म्हणे.

दोन, लोखंडी रिमचा वेगळा सेट. मग टायर रिमवरच राहतो, नुसती चाकं बदलायची. आपण स्टेपनी लावतो तसं, चार वेळा. तिला एक जाहिरात सापडली आहे, शेजारच्या गावातली. फोक्सवॅगनचे लोखंडी रिम, १८५/६० आर१५, टायरसकट चारही १८० युरोला. विकणारा म्हणतो, एकच हिवाळा वापरलेत.

तीन, नवा सेट, पण १४ इंची, १७५/७० चा. मी आयुष्यभर "टायर रुंद तेवढा बरा" म्हणत आलो. माझ्या गाडीलाही एकदा रुंद बसवायला निघालो होतो, तर टायरवाल्यानेच परत पाठवलं. आता वाचतोय की बर्फाच्या चिखलात अरुंद टायर बरा, कारण तेवढंच वजन कमी जागेवर येतं आणि टायर चिखल कापत खाली रस्त्यापर्यंत जातो. व्यासाचा हिशोब केला. १७५/७० आर१४ चा ६०१ मिलिमीटर, १८५/६० आर१५ चा ६०३, तिच्या २१५/४५ आर१६ चा ६००. म्हणजे स्पीडोमीटरला काही फरक पडायचा नाही. पण १४ इंची रिम तिच्या ब्रेकच्या कॅलिपरवरून (डिस्क पकडणारा भाग) जाईल का?

चार, ऑल सीझन टायर. एकदाच घ्या आणि विसरा.

काल ती सेट बघायला गेली, मला व्हिडिओवर घेऊन. तिकडे दुपारचे चार, इथे साडेसात. विकणाऱ्याच्या तळघरात टॉर्च धरून ती टायरच्या कडेवर बोट फिरवत होती आणि मी इथे पार्किंगमध्ये माझ्या पोलोच्या चाकाशी उकिडवा बसून "हं, डॉट शब्द शोध, त्याच्या शेवटी चार आकडे" असं सांगत होतो. माझ्या चाकावरही तेच १८५/६० आर१५. वॉचमन दोनदा येऊन "साहेब, पंक्चर का?" विचारून गेला. तिला आकडे सापडले, ३८१७. म्हणजे २०१७ चा अडतिसावा आठवडा. "एकच हिवाळा" वाले टायर! नक्षी तिने एक युरोचं नाणं घालून पाहिली, कडेची सोनेरी पट्टी ३ मिलिमीटरची असते म्हणाली, ती पूर्ण बुडून वर थोडी जागा उरली. कडेवर एम+एस लिहिलंय. विकणारा म्हणाला, एम+एस म्हणजेच हिवाळी, पोलीस काही म्हणत नाहीत.

तर प्रश्न. हा सेट घ्यावा का? १४ इंची बसेल हे कुठे बघायचं? आणि ऑल सीझनने भागेल का? ती रोज उल्महून वर श्वेबिश आल्बच्या डोंगरावर ऑफिसला जाते आणि जानेवारीत मैत्रिणींबरोबर ऑस्ट्रियात स्कीइंगला जायचा बेत आहे.

---

प्रतिसाद

काका, तो सेट टायर म्हणून अजिबात घेऊ नका. नुसतं एम+एस चालायचं ते ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत, तेही २०१७ च्या अखेरीपर्यंत बनलेल्या टायरला. आता डोंगराची तीन शिखरं आणि आत हिमकण असं आल्पाइन चिन्ह कडेवर हवंच. एम+एस म्हणजे चिखल आणि बर्फ, ते कंपनी स्वतःच छापते, त्यामागे परीक्षा नसते. आल्पाइन चिन्हाला बर्फावरची चाचणी द्यावी लागते. विकणाऱ्याला माहीत नसेल किंवा चांगलं माहीत असेल.

ऑस्ट्रियाला जाणार असाल तर आणखी एक. जर्मनीत कायद्याने १.६ मिलिमीटर नक्षी पुरते, ऑस्ट्रियात हिवाळी टायरला किमान ४ लागते, नाहीतर तो हिवाळी धरतच नाहीत. त्यांचा काळ १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल. नाण्याची पट्टी बुडाली म्हणजे ३ च्या वर एवढंच कळलं. मुलीला म्हणावं, दहा युरोचा मापक घे.

१४ इंचीचं उत्तर गाडीच्या कागदात आहे. रजिस्ट्रेशनच्या कागदावर १५.१ आणि १५.२ या रकान्यांत टायरचा आकार असतो, पण तिथे एकच लिहितात. सगळे मान्य आकार सीओसी नावाच्या दुसऱ्या कागदावर असतात. तो आधीच्या मालकाकडून मागून घ्या. त्यात १७५/७० आर१४ असेल तर कॅलिपरचा प्रश्नच मिटला.

---

प्रतिसाद

मी हँबुर्गला आठ वर्षं ऑल सीझनवर काढली, काही झालं नाही. उगाच दोन-दोन सेट, तळघर, टायर हॉटेल (पैसे देऊन न वापरातली चाकं ठेवायची जागा) ही कटकट कशाला?

---

प्रतिसाद

हँबुर्ग सपाट आहे हो. उल्मच पावणेपाचशे मीटरवर, आल्ब त्याच्याही वर, सकाळी सातला तिथे बर्फ हटवणारी गाडी फिरलेली असेलच असं नाही. ऑल सीझन वाईट नाहीत, आल्पाइन चिन्ह असेल तर कायद्यालाही चालतात. पण रोज घाट चढायचा आणि वर ऑस्ट्रिया, तर मी खरे हिवाळीच घेईन.

काकांना एक सुचवतो. तो १८० वाला सेट सोडू नका, त्यातले *रिम* घ्या. फोक्सवॅगनचेच आहेत, आकार बरोबर, नट-बोल्टची भानगड नाही. टायर भंगारात म्हणून भाव पाडा आणि त्यावर नवे १८५/६० आर१५ चढवा. दुसऱ्या कंपनीचे रिम घेतले असते तर बोल्टची बैठक, म्हणजे बोल्ट रिमला जिथे टेकतो तो भाग, तपासावी लागली असती. फोक्सवॅगनच्या रिमला गोल बैठकीचे बोल्ट लागतात, बाजारातल्या बऱ्याच रिमना शंकूसारखे. चुकीचे घातले तरी आवळले जातात आणि मग सैल होतात. मुलीच्या गाडीचे अलॉय ज्या बोल्टवर आहेत ते मूळचे असतील तर तेच चालावेत, पण एकदा शेजारी ठेवून लांबी बघा.

टायरवरचं वेगाचं अक्षर फार बघू नका. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत, रोजच्या वापराला पुरे.

---

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. कळवतो काय झालं ते.

सीओसी मिळाला. त्यात १७५/७० आर१४ आहे, म्हणजे १४ इंचीही चाललं असतं. पण रिमची सूचना मुलीला पटली. विकणाऱ्याला तिने आल्पाइन चिन्ह कुठे आहे ते दाखवायला सांगितलं. तो बराच वेळ टायर फिरवत राहिला. शेवटी ८० युरोला दिलं, जुने टायर तिनेच काढून देण्याच्या बोलीवर. मी इथून "साठ म्हण" असं सांगत होतो, तिने मला म्यूट केलं होतं हे नंतर कळलं.

नवे टायर बसवून घेतलेत, डॉट या वर्षीचा. चाकं ती स्वतः बदलणार आहे. बोल्ट १२० न्यूटन मीटरला आवळायचे आणि पन्नास-एक किलोमीटरनंतर पुन्हा बघायचे एवढं मला माझ्या पोलोमुळे माहीत होतं, ते सांगितलं. हबवरचा गंज आधी तारेच्या ब्रशने घासायचा हेही. तिच्या गाडीत हवेचा सेन्सर चाकात नाही, एबीएसवरून कळतं, त्यामुळे चाकं बदलल्यावर हवा भरून सेटचं बटण दाबलं की झालं, हे मॅन्युअलमध्ये तिनेच शोधलं. उन्हाळी चाकं तळघरात आडवी, एकावर एक ठेवणार आहे.

आता एक इथला प्रश्न राहिला. तिने फोन ठेवता ठेवता विचारलं, "बाबा, तुझ्या टायरवर काय आकडे आहेत?" पुढचे दोन २०१९ चे निघाले, मागचे २०१८ चे. आणि स्टेपनी २०१४ ची, एकदाही रस्त्याला न लागलेली, नक्षी नवीकोरी, पण कडेला नखाएवढ्या बारीक भेगा. शनिवारी नाना पेठेत जाईन म्हणतो. चारही एकदम बदलू की आधी मागचे दोन? कोणी अलीकडे १८५/६० आर१५ घेतले असतील तर भाव सांगा.